मोकळे नाना

नाना स्वतःची ओळख करून देऊ लागले की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला घाम फुटायचा. आमच्या चर्चमध्ये कोणी नवीन आलं, बदली होऊन आलेलं कुटुंब असो की लग्नाचे पाहुणे, नाना झाडू भिंतीला टेकवून पुढे यायचे, हात शर्टाला पुसायचे आणि म्हणायचे, "सलाम. मी नाना. इथल्या किल्ल्या माझ्याकडं असतात. आधी मी चोर होतो." पाहुणे हसायचे, मग हसू अर्ध्यावर थांबायचं, मग बायकांचे हात आपोआप पर्सकडे जायचे. नानांना त्याचं काही वाटत नसे. "हात धुवायला नळ मागच्या बाजूला हाय," असं त्याच सुरात सांगून ते पुन्हा झाडायला लागत.

मी चर्चच्या पंच कमिटीची सेक्रेटरी, आणि त्याआधी तेहेतीस वर्षं शाळेत बाई. दुसऱ्याचं वाक्य सुधारल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकदा मी नानांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "नाना, जरा सौम्य शब्दांत सांगत चला. पूर्वी चुकीच्या मार्गावर होतो, असं म्हणा." नानांनी त्यावर मनापासून विचार केला. "पण बाई," ते म्हणाले, "मार्गावर कुठं होतो मी? लोकांच्या घरात होतो."

यंदा आमच्या चर्चची स्मरणिका निघते आहे. आमचे तरुण पाळकसाहेब म्हणाले, "बाई, नानांवर दोन पानं तुम्हीच लिहा. तुम्ही त्यांना जवळून ओळखत होता." म्हणून लिहायला बसले. नानांशी मी जे वागले ते यात येणारच आहे. पण आधी त्यांच्याबद्दल चार गोष्टी लिहू द्या. तेवढीच मला उसंत.

कुलपावर नानांचा हात बसलेला होता. नाशकातल्या द्वारका चौकातली दुकानं, पंचवटीतली बंद घरं, दिंडोरीकडचे बंगले, हे सगळं तरुणपणी आपण 'आतून पाहिलंय' असं ते सांगत. "कुलूप लाजाळू असतं बाई. घाई केली की गप बसतं." शेवटी पकडले गेले, नाशिकरोडच्या तुरुंगात सात वर्षं काढली, तिथेच सुतारकाम शिकले. कैद्यांना बायबल वाचून दाखवायला आमचे जुने पाळकसाहेब जायचे. नाना सुटल्यावर त्यांनी त्यांना इकडे आणलं, चर्चमागची खोली राहायला दिली आणि पहिल्याच महिन्यात सगळ्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात ठेवला. पंच हादरले. मीही त्यात होते. पाळकसाहेब म्हणाले, "कुलूप ज्याला कळतं, त्याच्याकडेच किल्ली असू द्या." त्यानंतर वीस वर्षांत चर्चमधली मेणबत्तीसुद्धा जागची हलली नाही. नानांच्या स्वतःच्या खोलीला मात्र कुलूप नव्हतं. कडी होती, ती मांजर आत येऊ नये म्हणून.

त्यांचं एक बोलणं आम्हा सगळ्यांना पाठ होतं. "सुटणं निराळं न् मोकळं होणं निराळं." तुरुंगातून सुटल्यावरही दोन वर्षं, द्वारकेच्या चौकात पोलीस दिसला की ते रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. "काही केलेलं नसायचं बाई, तरी पाय वळायचे. दार उघडलं होतं त्यांनी, पण मी आतच." मग एका गुड फ्रायडेला उपदेशात येशूच्या दोन्ही बाजूंना वधस्तंभावर खिळलेल्या दोन चोरांची गोष्ट आली. ती त्यांनी आधी कितीदा तरी ऐकली असेल, पण त्या दिवशी ती लागली. "तो दुसरा आपल्याच धंद्यातला की. त्यानं केलं काय? खरं बोलला. म्हणला, आमचं आम्ही भोगतोय, या मधल्याचं काय चुकलं? बस. ना बाप्तिस्मा, ना कमिटीची सही, न् गेला सगळ्यांच्या आधी स्वर्गाच्या दारातनं आत!" कमिटीचं नाव घेताना ते माझ्याकडे बघून मिश्कील हसायचे.

त्यानंतरच्या सोमवारी नाना एसटीनं दिंडोरीला गेले. द्राक्षबागेतल्या एका घरातून त्यांनी पूर्वी सोन्याच्या पुतळ्यांची माळ चोरली होती. घरच्या म्हातारीसमोर उभे राहिले आणि सांगितलं, मीच तो. ती म्हणाली, "माझ्या आईची व्हती रे ती माळ. लय रडले मी." नाना म्हणाले, "माळ आता नाय माझ्याकडं, आजी. हात हायेत." तिनं त्यांना बराच वेळ उन्हात उभं ठेवलं. मग म्हणाली, "मागलं दार तूच मोडलं ना? ते अजून नीट लागत नाय. बघ." नानांनी ते दार नवीन चौकटीत बसवून दिलं. पुढे ती जिवंत असेपर्यंत दर वर्षी द्राक्षांचा हंगाम संपला की ते तिची दारं-खिडक्या बघायला जात. मी विचारलं, "आजी माफ केलं म्हणाल्या का?" "नाय. चहा दिला," नाना म्हणाले. "येताना द्वारकेला पोलीस उभा होता. त्याच्या नाकासमोरून आलो. सलाम पण घातला त्याला. त्या दिवशी मोकळा झालो बघा."

ही गोष्ट मी संडे स्कूलच्या मुलांना दर वर्षी सांगायची, आवाज जड करून. शाळेतसुद्धा माझा एक नियम होता. वर्गात काच फुटली, कुणाचा डबा गायब झाला, की मी म्हणायची, "ज्यानं केलं त्यानं उभं राहायचं. उभा राहिलास तर शिक्षा नाही." आणि तो शब्द मी पाळायची. आज केस पिकलेले विद्यार्थी रस्त्यात भेटतात आणि म्हणतात, बाई, तुमच्यामुळे आम्ही उभं राहायला शिकलो. मी हसून मान डोलावते आणि पुढे जाते.

आता प्याल्याचं सांगते.

प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत सगळे ज्यातून द्राक्षरस घेतात तो, आमचा चांदीचा प्याला मिशनरींच्या काळातला. गेल्या वर्षी तो फार काळवंडला होता. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, बाहेरगावचे पाहुणे येणार होते. मला वाटलं, आपण गुपचूप उजळून आणावा. सगळे विचारतील, बाई, हे तुम्ही केलंत? मग आपण मान खाली घालून म्हणावं, त्यात काय एवढं. इतका क्षुद्र माझा हेतू होता. कमिटीला विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. शनिवारी सकाळी नानांनी झाडण्यासाठी कपाट उघडलं होतं, तेवढ्यात मी प्याला पिशवीत घातला. द्वारकेला रिक्षातून उतरताना पिशवी हातातून निसटली. प्याल्याची बैठक वाकली, कडेला पोचा पडला. तशीच सराफ बाजारात गेले. तिथले कारागीर म्हणाले, "आठ दिवस लागतील."

रविवारी लवकर जाऊन आताच्या पाळकसाहेबांना सांगायचं, हे मी ठरवलं होतं. पण मी पोचले तेव्हा कपाट उघडं होतं आणि चारपाच जण त्याच्याभोवती उभे होते. त्यांच्यासमोर 'मी पाडला' हे म्हणायला माझी जीभ उचलेना. त्या दिवशी प्रभुभोजन स्टीलच्या पेल्यातून झालं. उपासना संपल्याबरोबर कमिटी बसली. अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे एक पंच आहेत, त्यांना सगळे फोरमनसाहेब म्हणतात. त्यांनी एवढंच विचारलं, "किल्ल्या कोणाकडे असतात?"

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी वर्गात ज्या नजरेनं मुलांकडे बघायची ना, तसं. वाट बघत.

"नाना, तुम्ही प्याला घेतलात का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"नाय."

"कोणी घेतला, माहीत आहे?"

"ज्यानं घेतला त्याला माहीत हाय. तो सांगंल."

हे उत्तर सगळ्यांना चोराचंच वाटलं. मी काय करत होते? मी सेक्रेटरी, मी इतिवृत्त लिहीत होते. माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'चांदीचा प्याला गहाळ. चौकशी व्हावी. तोपर्यंत सर्व किल्ल्या सेक्रेटरींकडे सुपूर्द कराव्यात.' खाली सही केली. तेहेतीस वर्षं दुसऱ्यांना उभं केलेली मी खुर्चीतून उठले नाही.

नानांनी बाहेर व्हरांड्यात जुडगा माझ्या हातात दिला. एकेक किल्ली बोटानं वेगळी करून दाखवली. ही कपाटाची, ही गोदामाची, ही फाटकाची. "मोठी पितळी पुढच्या दाराची. हळू फिरवा बाई, अडकते." दुपारी चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्याल्याची बातमी आली. मी त्याखाली हात जोडलेलं चित्र टाकलं आणि लिहिलं, 'आपण सर्व प्रार्थना करू या.'

पुढच्या शनिवारी कारागिरांकडून प्याला मिळाला, अगदी आरशासारखा लखलखीत. किल्ल्या माझ्याकडेच होत्या. कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात, वेदीवरच्या कापडांखाली मी तो सरकवून ठेवला. ईस्टरच्या सकाळी तो सापडला आणि एकच आनंद झाला. माझाही जीव भांड्यात पडला. वाटलं, मिटलं. कुणीतरी म्हणालं, "पण किल्ल्या तर बाईंकडे होत्या." फोरमनसाहेब म्हणाले, "नानांना किल्ली कशाला लागते? पस्तावले, उजळून आणून ठेवला. चांगलंच झालं." आणि मग माझ्या मंडळीनं नानांना क्षमा केली. भर उपासनेत पाळकसाहेबांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, दोघीतिघींनी डोळे पुसले. नाना शेवटच्या बाकाजवळ उभे होते. प्रार्थना संपल्यावर त्यांनीही 'आमेन' म्हटलं.

किल्ल्या त्यांना कोणी परत दिल्या नाहीत. मीही तो विषय काढला नाही. दर रविवारी मी येऊन दार उघडेपर्यंत नाना झाडू घेऊन पायरीवर उभे असायचे. मला कधी उशीर व्हायचा. "सलाम बाई," म्हणायचे, माझ्या मागोमाग आत यायचे आणि झाडायला लागायचे. आठ महिने हे चाललं. नव्या माणसांना ते अजूनही सांगायचे, आधी मी चोर होतो. आता 'आधी' या शब्दावर लोक एकमेकांकडे बघायचे. नानांनी तो शब्द सोडला नाही.

डिसेंबरात त्यांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना सरकारी दवाखान्यात ठेवलं. मी दुपारी पेज घेऊन गेले. खूप वेळ चमच्यानं पेज ढवळत बसले, मग म्हटलं, "नाना, तुम्हाला माहीत होतं."

"पिशवीतनं बूड दिसत होतं," नाना म्हणाले. "तुम्हाला सवय नाय बाई. वरून एखादा टॉवेल टाकायचा असतो."

मला रडू आलं. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर मी सुटलो असतो. पण मी तर मोकळाच होतो, मला सुटून काय करायचं?" त्यांना धाप लागली. थोडं थांबून म्हणाले, "माझं ओझं येशूनं वधस्तंभावर कधीच उचललंय. तुमचं थोडं मी धरलं तर मला जड नाय जात. पण मी धरलं म्हणून तुम्ही मोकळ्या नाय होत, बाई. ते तुम्हालाच बोलावं लागंल. माझ्यासाठी नको. मला काय, मी चाललो."

"या रविवारी सांगते," मी म्हटलं.

"उभ्या राहून सांगा," नाना म्हणाले आणि डोळे मिटून हसले.

शुक्रवारी ते गेले. रविवार आला, मी सांगितलं नाही. त्यांच्या शोकसभेत पाळकसाहेब म्हणाले, नानांबद्दल कोणाला साक्ष द्यायची असेल तर द्यावी. मी उभी राहिले. मंडळीत सगळ्यात चांगलं मीच बोलते. नाना कष्टाळू होते, नम्र होते, त्यांच्या जीवनात बदल झाला होता, असं सगळं बोलले. फोरमनसाहेब हळूच म्हणाले, "एकदाच घसरले बिचारे." ते मी ऐकलं आणि खाली बसले. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती लाज घेऊनही मी बसून राहिले, हे मला सांगायचं आहे.

आता हे लिहिलं आहे. लिहून मोकळं वाटतंय का? नाही, अजून नाही. लाजच वाटते आहे. अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही. पाळकसाहेब, ही पानं छापायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण छापण्याआधी येत्या रविवारी, उपासना सुरू व्हायच्या आधी, मी ती मंडळीसमोर वाचून दाखवणार आहे. इतिवृत्ताच्या वहीत त्या पानाखालीही लिहिलं आहे: प्याला नानांनी नेला नव्हता. मी नेला होता. मी पाडला होता. मीच परत ठेवला होता.

नानांच्या किल्ल्या सोबत पाठवते आहे. त्या माझ्याकडे असण्याचं काही कारण नाही. मोठी पितळी पुढच्या दाराची. हळू फिरवा, अडकते.