म्हसळ्याची डाळ

हे आमच्या घरातही कोणाला ठाऊक नाही. बायकोला माझा रक्तदाब, चष्म्याचा नंबर आणि मी चोरून खाल्लेले पेढेसुद्धा ठाऊक असतात. हे मात्र नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हेच कारण असावं.

मी दिवेआगरला राहतो. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. चक्रीवादळात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या तेव्हा एका बागायतदाराची नारळाची कोठी ओस पडली – ठेवायला नारळच उरले नव्हते. तिथे आम्ही गरजूंना धान्य वाटायची फूड बँक सुरू केली. नाव भारदस्त. प्रत्यक्षात चार भिंती, वर पत्रे, फळ्यांवर रचलेली पोती, आणि किल्ली माझ्या खिशात.

राज्यभर अशी केंद्रं एकमेकांना जोडलेली आहेत. नाशिककडे कांदा जास्त झाला की तो इकडे येतो, लातूरची डाळ कोकणात उतरते, आता नारळ पुन्हा धरू लागलेत तर ते घाटावर जातात. पनवेलच्या गोदामातून ट्रक सुटतात. पण गाडा खरा चालतो तो सोमवारच्या फोनवर. प्रत्येक केंद्राने दोनच गोष्टी सांगायच्या – उरलं काय, हवं काय. ज्याच्याकडे उरलंय त्याने जवळच्याला आधी द्यायचं. कोठी तपासायला कोणी येत नाही. सांगणाऱ्याचा शब्द पुरतो. एवढा मोठा कारभार केवळ माणसं खरं बोलतात म्हणून चालतो, याचं मला फार कौतुक होतं.

आणखी एक सांगून ठेवतो. समारंभांचं मला पहिल्यापासून वावडं. रुग्णाला एक केळं देताना त्या केळ्याला सात हात लागलेत, असे वर्तमानपत्रातले फोटो मी आवडीने कापून ठेवायचो. चहाला आलेल्या मित्रांना दाखवायचो. केळ्याला गुदगुल्या होत असतील, असा माझा ठरलेला विनोद होता.

त्या पावसाळ्यात मुंबईचे देणगीदार कोठी बघायला येणार असं ठरलं. एरवी अशी मंडळी लाँचने मांडव्याला उतरतात; पावसात लाँच बंद, म्हणून मोटारीने येणार होती. त्यांना दाखवायचं काय? खरं तर रिकामी कोठी दाखवायला हवी – धान्य लोकांच्या घरी पोचलं, याचा तोच पुरावा. पण रिकाम्या कोठीचा फोटो कसा दिसेल? मी – हो, मीच – नुकताच आलेला सगळा तांदूळ थेट वाशांपर्यंत रचून घेतला. वाटप थोडं पुढे ढकललं. लांब उभं राहून पाहिलं. छान दिसत होतं.

सोमवारी जमिलाभाभींचा फोन आला. म्हसळ्याचं केंद्र त्या चालवतात, त्यांच्या शिवणाच्या क्लासमागच्या खोलीत. रस्त्यात दरड कोसळून पनवेलचा ट्रक पलीकडे अडकला होता. पावसात वीटभट्ट्या बंद असतात. भट्टीवरची माणसं डोंगरातल्या आदिवासी वाडीवर परत आलेली असतात आणि हाताला काम नसतं. भाभींची खोली संपत आली होती.

"सर, तांदूळ उरला हाय काय तुमच्याकडं? हप्ताभर निभलं तरी बस."

मी कोठीतच होतो. पोत्यांना पाठ टेकून उभा होतो.

"नाही हो भाभी," मी म्हणालो. "आमचंच कसंबसं चाललंय."

दिवेआगरहून म्हसळ्याचा रस्ता उघडा होता, हे इथेच सांगतो. दरड दुसरीकडे होती. आमचा टेम्पोवाला बाबू नेहमीप्रमाणे दारात येऊन थांबला होता. आत डोकावून म्हणाला, "काय सर, आज टेम्पोची एकादशी व्हय?" मी हसलो. तोही हसला आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

आठवड्याच्या शेवटी दरड हटली. पाहुणे आले, आणि त्याच रस्त्याने म्हसळ्यासाठीचा अडकलेला ट्रकही. पाहुण्यांनी एका पोत्यावर हात ठेवला, मग आम्ही सगळ्यांनी ठेवला. फोटो कोठीत लावलेला आहे. पोत्याला सात हात आहेत. त्यातला एक माझा.

पुढच्या सोमवारी भाभी आधी माझी माफी मागायला लागल्या – तुमचीच तंगी असताना उगाच संकटात टाकलं म्हणून. मग सहज बोलल्यासारखं सांगितलं, की वाडीवरच्या लोकांना त्या आठवड्यात निम्मंच देता आलं. एक बाई पदरातला तांदूळ बघत राहिली आणि तिने विचारलं, "भाभी, आमचा काय चुकला काय?"

तेव्हा बोलता आलं असतं. फोन चालू होता, भाभी ऐकत होत्या. मी म्हणालो, "पाऊस फारच आहे यंदा."

ते निम्मं कुठल्या घरात कसं पुरवलं, कोण न जेवता झोपलं – मला माहीत नाही. मी विचारलं नाही. वाडी काही लांब नाही, बाबूच्या टेम्पोने सहज जाता येतं. गेलो नाही.

त्यानंतर भाभींनी आमच्याकडे तांदूळ कधीच मागितला नाही. त्यांना कमी पडलं तर त्या थेट महाडला विचारतात – लांब पडतं, पोचायला उशीर होतो, तरी. सरांकडे नसतोच, हे त्यांच्या मनात पक्कं बसलंय. उलट लातूरची डाळ आली की आपल्या वाट्यातून एक पोतं आमच्यासाठी बाजूला काढतात. बाबू ते घेऊन येतो. "म्हसळ्याची डाळ, सर," म्हणतो.

मी कोठी उघडतो आणि ते उतरवून घेतो.