ब्लाउजच्या कापडाचे पट्टे

लातुरात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, रस्त्याच्या बाजूला शटर. लग्नसराईत बायका माझ्यासमोर अक्षरशः हात जोडतात, आणि त्या दिवसांत मी म्हणेन त्याला मान डोलावतात. ही केवढी ताकद आहे, हे मला कुत्र्यांमुळे कळलं.

झालं असं की, गेल्या उन्हाळ्यात गल्लीतल्या एका मुलीला शाळेतून येताना काळं कुत्रं चावलं. पोटरीत दोन दात रुतले. तिला लगेच दवाखान्यात नेलं, सुया सुरू झाल्या, पोरगी ठीक होती. पण संध्याकाळी किराणा दुकानासमोर माणसं जमली. दुकानाचे मालक अप्पा साठीपुढचे, कपाळाला विभूती, आणि गल्लीत त्यांचा शब्द चालतो. ते म्हणाले, "लई झालं आता. भाकरीत काहीतरी कालवून टाका. एका दिवसात गल्ली साफ."

कुणी हो म्हणालं नाही, पण नाहीही म्हणालं नाही. ते गप्प बसणंच मला सोसलं नाही. गळ्यात टेप तसाच होता, तशीच पुढे झाले. "अप्पा, मला पंधरा दिवस द्या."

"पंधरा दिवसांत काय करायलाव तुम्ही? कुत्र्यांना ब्लाउज शिवायलाव का?"

सगळे हसले. मीही हसले. पण हसता हसता अप्पांनी चारचौघांसमोर पंधरा दिवस कबूल केले.

खरं सांगते, माझ्या डोक्यात तेव्हा काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझी एक गिऱ्हाईक ब्लाउज न्यायला आली. ती जनावरांची डॉक्टर. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रेबीजची लस मी देते, परवानगीचं मी बघते. नसबंदीला नंतर पाठवता येईल. पण कुत्री धरणारी माणसं तुम्ही आणा. जाळं टाकून धरलं की कुत्रं भेदरतं आणि चावतं. रोज भाकरी देणारा हात असला की गुमान बसतं."

मग मी माझी ताकद वापरायला घेतली. माप घेताना प्रत्येकीला विचारायचं, "तुमच्या दाराशी कोणतं कुत्रं असतं?" एकीनं नाक मुरडलं, "आमच्या दाराशी न्हाई बाई." पाठीमागून तिचीच जाऊ म्हणाली, "आसं कसं? रोज दुधाचा टोप कोण चाटतंय मग?" हळूहळू निम्म्या गल्लीचं पितळ उघडं पडलं. एवढ्या घरांतून रोज काही ना काही बाहेर जात होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच चोरून घालतोय. लसीच्या दिवशी आपापलं कुत्रं तुम्हीच धरून आणायचं, हे मी प्रत्येकीकडून कबूल करून घेतलं.

लस दिलेलं कुत्रं ओळखू यावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी पट्टे मागितले. गाठ नको, वेल्क्रो लावा, कुठं अडकलं तर सुटलं पाहिजे, आणि दोन बोटं आत जातील इतकं सैल. माझ्याकडे उरलेल्या कापडाची पोती होती. मी बसले शिवायला.

राहिली लस द्यायची जागा. सावली आणि नळ एकत्र एकाच ठिकाणी होते, अप्पांच्या गोदामापुढच्या पत्र्याखाली. मी मागायला गेले. अप्पांनी काट्यावरचं वजन उतरवून ठेवलं. मग म्हणाले, "सहावीत होतो मी, निलंग्याला. कुत्रं चावलं. तवा पोटात चौदा सुया देत. आईनं पाय दाबून धरले, बापानं हात. आजबी कुत्रं दिसलं की मी रस्ता बदलतो."

इतकी वर्षं मी त्यांना तुसडा माणूस समजत होते.

"जागा घ्या," ते म्हणाले. "पन मी तिथं थांबनार न्हाई."

मुदत संपायच्या आधीच्या रविवारी सकाळी पत्र्याखाली जत्रा भरली. कुणी कुत्र्याला कडेवर घेऊन आली, कुणी ओढणी बांधून. एका तपकिरी कुत्रीच्या गळ्यात मोरपंखी जरीचा पट्टा बघून एक बाई ओरडली, "अगं ताई, हे तर माझ्या साखरपुड्याच्या ब्लाउजचं!" म्हटलं, "बाई, तुमच्यापेक्षा तिला जास्त शोभायलंय." ती आधी फुगली, मग तिनं त्या कुत्रीसोबत फोटो काढून घेतला.

सगळी झाली, राहिलं ते चावणारं काळं. कुणाच्या हाताला लागेना. तेवढ्यात गोदामावरच्या घरातून अप्पांच्या बायको, आमच्या काकू, बाहेर आल्या, हातात बिस्किटाचा पुडा. खाली बसल्या आणि हाक मारली, "ये रे राजा." ते काळं धूड शेपूट हलवत आलं आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पसरलं.

वरच्या खिडकीतून अप्पांचा आवाज आला, "हे कधीपासनं चालू हाय?"

"तुमी दुपारी झोपता तवापासनं," काकू वर न बघता म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्याचा पुढचा पाय उचलला. पंजात काचेचा तुकडा रुतला होता, भोवती पू झालेला. "दुखऱ्या पायावर कुणाचा पाय पडला असेल," त्या म्हणाल्या. "आणि चावून दहा दिवस उलटले, तरी ठणठणीत आहे. म्हणजे पिसाळलेलं नव्हतं." काकूंनी त्याचं तोंड धरलं, काच निघाली. विषाची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही.

सगळं गोड झालं असं नाही. गल्लीत कुत्री नकोच म्हणणारी दोन घरं अजूनही माझ्याशी बोलत नाहीत. ती मोरपंखी पट्ट्याची कुत्री महिन्याभरात रिंगरोडवर ट्रकखाली गेली. त्या दिवशी मी मशीनवर बसले नाही.

पावसाळा सरल्यावर उरलेली कुत्री नसबंदीसाठी गाडीतून गेली आणि जखमा भरल्यावर परत आली. बायका दारात उभ्या होत्या. गाडीचं फाळकं उघडलं आणि एकेक कुत्रं उतरून आपापल्या दाराशी गेलं. वरून अप्पा ओरडले, "काळं कुठं हाय?"

ते गाडीत कोपऱ्यात गाढ झोपलं होतं. काकूंनी उठवलं तेव्हा जांभई देत उतरलं. अप्पा खाली आले नाहीत, पण काळं त्यांच्या घराच्या सावलीत जाऊन बसेपर्यंत खिडकीतून हलले नाहीत.