हळदीची पुडी

नानांच्या गाडीचं बॉनेट उघडलं की आधी फोडणीचा वास यायचा, मग इंजिन दिसायचं. रेडिएटर गळका, आणि नाना त्यात हळद टाकायचे. हळद भोकापाशी जाऊन बसते, पाणी थोडा वेळ अडतं, हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय. डॅशबोर्डच्या कप्प्यात पुडी कायम.

पिंप्राळ्यात आमची भिंतीला भिंत. नाना चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. गाडीची विद्या त्यांनी गाडी बिघडवून मिळवलेली. "हळदीनं गळती थांबत नाही रे," ते म्हणायचे, "थांबल्यासारखी होते. तेवढ्यात गाव गाठायचं."

एकदा पुडी संपली. "तुझ्या घरून आण," म्हणाले. मी धावत जाऊन डबा आणला, मोठ्या ऐटीत चमचाभर ओतलीही. स्वयंपाकघराशी माझा संबंध जेवणापुरता. ते बेसन होतं. गाडी तापली तसं झाकणाच्या कडेनं पिठलं रटरटू लागलं. नाना वाकले, हुंगले. "मीठ विसरलास."

ओट्यावरून अक्कांचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "भाकरी टाकू का?"

पुढे अक्कांचं दुखणं निघालं. पोटातलं, वाईट. उपचार धुळ्याला. भाड्याच्या गाडीत त्यांना आडवं होता येईना, उन्हानं जीव घाबरा व्हायचा. नानांनी पुढची सीट कापून पार मागे लोळेल अशी केली. भंगारातून एसी आणला, अंगणात बसून स्वतः जोडला. माझ्याकडे टॉर्च धरायचं काम. तोही मी त्यांच्या डोळ्यांवर धरायचो. एसी चालला. पण त्याच्या ओझ्यानं म्हातारं इंजिन जास्तच तापू लागलं. अक्का गार तर गाडी गरम, गाडी गार तर अक्का बेजार.

एकदा पारोळ्याच्या अलीकडे वाफ निघाली. नाना पुडी घेऊन उतरले. अक्का सीटवर पडल्या पडल्या हसल्या, "मन्हा लगनमा बी इतली हयद लागनी नही!" हळदीला त्या हयदच म्हणत.

त्या उन्हाळ्यात धुळ्याच्या डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं, "आता घरीच न्या." मी सोबत होतो. परत येताना मागे बसून तापमानाचा काटा बघत होतो, तो लाल पट्टीत गेला. मी शहाण्यासारखं म्हणालो, "नाना, एसी बंद करू या, इंजिन जाईल."

नानांच्या आधी अक्काच म्हणाल्या, "बंद करा ना. गाडी मरी जाई."

"मरू दे," नाना म्हणाले. त्यांनी एसीच्या जाळीचं तोंड आणखी अक्कांकडे वळवलं.

एरंडोल गेलं. इंजिन खडखडू लागलं. नाना स्टिअरिंगवर थोपटत राहिले, तापाच्या पोराला थोपटावं तसं. अक्का झोपल्या होत्या. पिंप्राळ्याच्या वळणावर गाडीनं एक आचका दिला आणि नानांच्या फाटकात येऊन बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली नाही.

त्याच आठवड्यात अक्का गेल्या, आपल्या खाटेवर.

अहेव बाईला हळदकुंकू लावून पाठवतात. शेजारणींनी कुंकू घेतलं, पण हळदीचा डबा रिकामा. सगळी रेडिएटरनं खाल्लेली. मी घरी पळणार तोच नानांनी हात धरला. "तू नको." त्या क्षणीही!

ते अंगणात गेले, मेलेल्या गाडीचा कप्पा उघडला, पुडी आणली. नखांत ऑइल मुरलेल्या बोटांनी अक्कांच्या कपाळाला, गालांना, पावलांना हळद लावली. घाई केली नाही. झाल्यावर उरलेली पुडी नीट दुमडली आणि सवयीनं गाडीकडे निघाले. पायरीवर थबकले. वळून पुडी माझ्या हातात दिली.

"हळद आहे," म्हणाले. "नीट बघून घे."

अशी हळद घरात नेत नाहीत. मी ती बाहेरच्या कोनाड्यात ठेवली, आणि पुढे गाडी घेतली तेव्हा तिच्या कप्प्यात. माझी गाडी नवी आहे, तिला कुठे गळती नाही.