चौथा शेरा

फिरस्तीला पर्यावरण खात्यात नोकरी लागली तेव्हा घरात आनंदाला उधाण आलं आणि महिन्याभरात ओसरलंही. कारण ती तिथे नेमकं काय करते, हे तिला कुणालाच सांगता येईना.

घरातली पहिली पदवीधर तीच. रसायनशास्त्र, पहिला वर्ग. खात्यानं तिला 'पदवीधर प्रशिक्षणार्थी' म्हणून घेतलं होतं. म्हणजे वर्षभर चार विभागांत तीन-तीन महिने फिरायचं आणि प्रत्येक विभागप्रमुखाकडून एका छापील फॉर्मवर शेरा घ्यायचा. चारही रकान्यांत 'योग्य' आलं की नोकरी कायम आणि शेवटच्या विभागातच नेमणूक. एक जरी 'अयोग्य' पडला तरी पुन्हा पहिल्यापासून वर्षभर प्रदक्षिणा. या फिरण्यावरून ऑफिसनं तिचं नाव फिरस्ती पाडलं आणि खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं.

"म्हणजे तू तिथे साहेब आहेस की पाहुणी?" आईनं शिलाई मशीन थांबवून विचारलं.

"पाहुणीला निदान चहा तरी विचारतात गं."

पहिले तीन महिने दफ्तरात गेले. तिथल्या फायली तिनं सालवार लावल्या. दफ्तराच्या कारकुनानं त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा रंगवार लावल्या, कारण त्याला फाइल रंगावरून सापडायची. तिनं रंग पाठ केले. शेरा: योग्य. मग हवा विभाग. गच्चीवर धूळ मोजायचं यंत्र होतं आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून ते प्लास्टिकच्या कव्हरात ठेवलेलं. तिनं कव्हर काढलं, साहेब ओरडले, तिनं मुकाट्यानं परत घातलं. योग्य. आवाज विभागात तक्रार आली की पंधरा दिवसांनी मीटर घेऊन जायचं. तोवर लाऊडस्पीकरवाला सामान गुंडाळून दुसऱ्या गावी पोचलेला असायचा. "शांतता आढळली" असं तिनं स्वतःच्या हातानं सात वेळा लिहिलं. योग्य.

एवढं सगळं तिनं गिळलं ते पाण्यासाठी. तिला पाणी विभागच हवा होता. बाबा आयुष्यभर पंप दुरुस्त करत आले होते. पाण्याच्या वासावरून विहीर ओळखायला तिला त्यांनीच शिकवलेलं.

पाणी विभागाचे प्रमुख म्हणजे आलेखसाहेब. त्यांच्या खुर्चीमागे नदीचा अकरा वर्षांचा आलेख फ्रेम करून टांगला होता. पाण्यात विरघळलेला प्राणवायू, म्हणजे मासे ज्यावर जगतात तो, दरवर्षी वर वर चढलेला. त्या आलेखावर त्यांना दोन बढत्या मिळाल्या होत्या. गंमत एवढीच, की नदीत मासा औषधालाही नव्हता.

"मासे अहवाल वाचत नाहीत ना, म्हणून येत नाहीत," बादलीमामा म्हणाला.

बादलीमामा नमुने आणायचा. पुलावरून दोरीनं बादली सोडायची, धाडकन वर ओढायची आणि तिच्यातलं पाणी हातभर उंचीवरून बाटलीत ओतायचं. अकरा वर्षं एकही खाडा नाही. फिरस्तीनं ते पहिल्याच दिवशी पाहिलं. एवढ्या खळखळाटात पाण्यात हवा मिसळणारच. मामा मोजत होता ती हवा पुलावरची होती.

"मामा, नमुना घ्यायचं यंत्र नाही का आपल्याकडे? बुडवलं की खालून भरणारं?"

"आहे की. कपाटात. नवं कोरं."

"मग?"

"काचेचं आहे. फुटलं तर खुलासा कोण देणार? बादली फुटत नाही."

पुढच्या फेरीला तिनं सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली, पुलाखाली उतरली, पाण्यात बाटली आडवी बुडवली आणि बूचही पाण्यातच लावलं. आत बुडबुडा नाही. मामानं नेहमीप्रमाणे बादली ओतली. मग दोन्ही बाटल्या कठड्यावर ठेवून तिनं दोन्हींत तीच दोन औषधं टाकली.

"प्राणवायू असला तर तळाशी बसणारा साका तपकिरी होतो. नसला तर पांढराच राहतो."

मामाची बाटली चहासारखी तपकिरी झाली. तिची दुधासारखी पांढरी राहिली.

मामानं दोन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. "म्हणजे अकरा वर्षं मी..."

"नदीला पंखा घालत होता."

मामानं डोळे वटारले. मग त्याचे खांदे हलायला लागले आणि तो एवढा हसला, की पुलावरून जाणारी माणसं थांबली. "चल, उतरू दे मलाही. बाटली कशी धरायची ते दाखव."

प्रयोगशाळेत आकडे निघाले: मामाचा पाच पूर्णांक आठ, तिचा शून्य पूर्णांक चार. तिनं दोन्ही नोंदवहीत शाईनं लिहिले, खाली सही केली आणि वही आलेखसाहेबांपुढे ठेवली.

"नदी अकरा वर्षं जिवंत होती," साहेब म्हणाले. "तुम्ही आलात आणि मेली?"

"आधीच गेली होती, सर. आपण नाडी चुकीच्या हाताची बघत होतो."

साहेबांनी तिचा फॉर्म काढला. तीन 'योग्य' आणि चौथा रकाना कोरा. "मामाचा आकडा ठेवा, तुमचा खोडा. आत्ता सही करतो. कायम व्हा, घरी पेढे न्या."

तिला डोळ्यांपुढे आई दिसली, नोकरी कायम झाली की मुलीच्या खोलीला रंग काढू म्हणणारी. तिनं वही स्वतःकडे ओढली. "नाही खोडणार, सर."

"मग अयोग्य लिहू?"

"लिहा. पण खाली कारण लिहायची ओळ आहे."

साहेबांनी ती ओळ वाचली. कारण लिहायचं म्हणजे तो शून्य पूर्णांक चार फॉर्मवर, आणि फॉर्म थेट वरच्या ऑफिसात. योग्य लिहवेना, अयोग्य लिहिता येईना. त्यांनी फॉर्म खणात टाकला.

आस्थापनेच्या बाईंनी तिला नियम वाचून दाखवला: शेरा येईपर्यंत प्रशिक्षण त्याच विभागात चालू समजावं. "म्हणजे इथेच राहा. कायम नाही, पण हलवणारही कुणी नाही."

पुढच्या महिन्यापासून मामा पाण्यात उतरून नमुने घेऊ लागला. शाईतला आकडा लपेना, तेव्हा साहेबांनी अहवालात "पद्धतीत सुधारणा" एवढे दोन शब्द घातले, आलेखाची रेघ कड्यावरून उडी मारावी तशी खाली आली आणि आकाश कोसळलं नाही. उलट वरून पत्र आलं, वरच्या अंगाच्या कारखान्याची नाली तपासा म्हणून.

दोन वर्षं झाली. नवे प्रशिक्षणार्थी आता तिच्याकडून शिकतात आणि त्यांच्या फॉर्मवरचे शेरेही साहेब तिच्याकडूनच लिहून घेतात. परवा त्या गठ्ठ्यात तिनं साहेबांच्या खणातला स्वतःचा फॉर्मही सरकवला. साहेब भराभर सह्या करत आले, तिच्या फॉर्मवर थांबले.

"हा कुणी घातला?"

"चुकून आला असेल, सर."

"चुकून!" त्यांनी तो बाजूला काढला, पेन तसंच हातात ठेवलं. "उद्या नालीचे नमुने घ्यायला किती वाजता निघता?"

"सहाला."

"मीही येतो. बघू दे एकदा." ते थोडे अडखळले. "पाण्यात उतरायला बूट कुठले लागतात हो?"