पत्त्याला हात न लावता

मी पत्ते वाटायला शिकलो ते अंधेरीला, एका एजंटच्या खोलीत. काठमांडूच्या कॅसिनोला मुंबईची पोरं हवी होती, आणि बाबांची गिरणी संपात बंद पडल्यापासून आमच्या घाटकोपरच्या घरात आईच्या पापडांखेरीज कमाई नव्हती. आईला सांगितलं, हॉटेलातली नोकरी आहे. अर्धं खरंच होतं, कॅसिनो हॉटेलातच होता.

ब्लॅकजॅक तसा सोपा. पानांच्या बेरजेने एकवीसच्या जवळ जायचं, वर गेलात की मेलात. वाटणाऱ्याला तर डोकंही चालवायचं नसतं. सोळापर्यंत पान घ्यायचंच, सतराला थांबायचंच. माझं घोडं अडत होतं ते भलतीकडेच. आमच्या चाळीत तीनशे चार नावाचा पत्त्यांचा खेळ खेळतात, त्यात पानं उजवीकडून वाटत जातात. इथे डावीकडून. जरा घाई झाली की माझा हात उजवीकडे वळे आणि एजंट खेकसे, "कॅसिनोच्या परीक्षेत असं केलंस ना, तर घरीच बस!"

सरावाला समोर कुणीतरी हवं होतं. चाळीत बाबांच्या तोडीचा खेळणारा नव्हता, पण बाबांनी पत्ते सोडले होते. गावाहून आजी अत्यवस्थ असल्याची तार आली तेव्हा ते गच्चीवर खेळत बसले होते. आई बोलवायला गेली, तर तार आलीय एवढंही न ऐकता "हो डाव होऊं दे" म्हणाले. त्या डावापायी एसटी चुकली आणि आजीला अग्नी द्यायला ते पोचले नाहीत. पुढे गावच्या रवळनाथासमोर नारळ ठेवून त्यांनी शब्द दिला, पुन्हा पत्त्याला हात लावणार नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "बाबा, कॅसिनोत खेळणारा पत्त्याला हात लावतच नाही. सगळी पानं वाटणाराच मांडतो. आणखी पान हवं तर बोटाने ठोकायचं, नको तर तळवा असा आडवा फिरवायचा. यात शब्द कुठे मोडतो?" तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. आज लाज वाटते.

बाबा पाट ओढून समोर बसले.

आई दुपारची पापड लाटायला जाई, तेव्हा आम्ही जमिनीवर हिरवी चादर अंथरायचो. बाबा एकटेच तीन जागा खेळत. हात उजवीकडे गेला की ओरडत, "उलटे वाटतंस रे, बावळ्या! डावीकडसून!" गिरणी गेल्यापासून ते असे खुशीत कधी दिसले नव्हते. माझा हात डावीकडून वळायला लागला. मला वाटलं, दोघांचंही भलं होतंय.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी जोरात वाटत होतो. एक पान हातातून निसटलं आणि मोरीतल्या पाण्याकडे उडालं. बाबांनी ते वरच्या वर झेललं.

चौकटची राणी होती. ते तिच्याकडे बघत राहिले, मग तिला हळूच चादरीवर ठेवलं, उठून मोरीत गेले आणि साबण लावून हात धुतले. पुन्हा धुतले. मी म्हणालो, "बाबा, ते चुकून झालं." त्यांनी तिसऱ्यांदा साबण उचलला. मला नोकरी लागली तेव्हा पेढा मात्र त्यांनी माझ्या हातून खाल्ला.

गणपतीला गावी न जाणारा कोकणी माणूस शोधून सापडायचा नाही. बाबा त्या वर्षी गेले नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत. आई शेजाऱ्यांना सांगे, "ह्यांचे गुडघे दुखतत, एसटीत बसाक जमणा नाय." हेच बाबा रोज तीन जिने चढून घरी येत.

त्यानंतरच्या गणपतीला मी रजा काढून आलो. सामान बांधून झालं, आई दाराशी उभी होती. मी बाबांसमोर बसलो आणि म्हणालो, "बाबा, यंदा तरी गावी चला ना. रवळनाथाला मीच सांगतो, चूक माझी होती म्हणून."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तळवा जमिनीवरून आडवा फिरवला, मी शिकवला होता तसाच.

"बघ, गुडघेच दुखतत," आई म्हणाली. मी "हो" म्हणालो आणि बॅग उचलली.