धुण्याआधी लाल दोरा

हॉटेलच्या तळघरात इस्त्रीच्या टेबलापाशी बावीस वर्षं उभं राहून मावशींचे पाय सुजले होते, जीभ मात्र कडकच राहिली होती. म्हणूनच नव्या मॅनेजरने शिष्टाचाराच्या इंग्रजीचा वर्ग काढला तेव्हा यादीत पहिलं नाव त्यांचं आलं. पाळी संपली की कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात फळा लागायचा. शिकवणाऱ्या बाई सॉरी, पार्डन, ॲपॉलॉजी लिहायच्या आणि प्रत्येकाकडून छातीवर हात ठेवून म्हणून घ्यायच्या. नुसतं सॉरी चालायचं नाही. पूर्ण वाक्यात, असा बाईंचा धोशा.

मावशींनी नाक मुरडलं नाही. घरी सून भांडी घासता घासता त्यांचे शब्द पाठ करून घ्यायची. इनकन्व्हिनियन्सपाशी सासूची गाडी अडली की तिला हसू आवरायचं नाही.

"हसू नकोस गं. एवढ्या लांब शब्दात तुझं सगळं माहेर मावेल."

मुलाचा कारखाना बंद पडल्यापासून घर मावशींच्याच पगारावर चाललं होतं. तशात तिसऱ्या मजल्यावरच्या पाहुण्याने आपला सुती कोट काउंटरवर आपटला. बाहीवर जळल्याचा डाग होता, आणि तो लाँड्रीनेच पाडला, असं त्याचं म्हणणं.

मॅनेजरने मावशींना वर बोलावलं. टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला कागद तयारच होता. कोट मी जाळला, माझं वागणं अनप्रोफेशनल होतं, मी माफी मागते. सही केली तर विषय संपला, नाहीतर उद्यापासून येऊ नका, असं त्याने शांतपणे सांगितलं.

मावशींनी कोट मागून घेतला. तळघराचा एक जुना नेम होता. आलेल्या कपड्यावर आधीचा डाग किंवा फाटकं दिसलं, की आतल्या बाजूने तिथे लाल दोऱ्याचा टाका घालायचा आणि मगच कपडा पाण्यात टाकायचा. त्यांनी बाही उलटी केली. डागाच्या बरोबर मागे टाका होता.

मॅनेजर म्हणाला, हा तर नंतरही घालता येतो.

"नंतरचा असता तर लालभडक असता. हा धुऊन गुलाबी झालाय."

त्याने दोरा पाहिला, डाग पाहिला, मग खिडकीबाहेर पाहिलं. पाहुण्याला खोटं पाडायचं नसतं, एवढं बोलून त्याने पेन पुढे केलं. "प्रोफेशनल व्हा, मावशी."

"सर, बाईंनी चाळीस शब्द शिकवले. सगळे खालच्याने वरच्याला म्हणायचे. वरच्याने खालच्याला म्हणायचा एखादा आहे का?"

त्याने कागदावर बोट टेकवलं. मावशींनी पेन घेतलं, टाइप केलेल्या ओळींवर आडवी रेघ मारली आणि खाली मोठ्या अक्षरांत, दोन पूर्ण वाक्यांत लिहिलं: आय ॲम सॉरी युवर कोट इज बर्न्ट. आय डिड नॉट बर्न इट. सही ठोकली, छातीवर हात ठेवून थँक यू सर म्हटलं आणि जिना उतरल्या.

घरी सुनेला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. सकाळचा डबा मात्र तिने नेहमीसारखाच भरून दिला.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी हजेरीची कार्डं लावली होती, त्यात मावशींचं नव्हतं. पहारेकऱ्याने मान खाली घातली. मावशी त्याच्या बाजूने सरळ तळघरात गेल्या, इस्त्री तापवली आणि चादरींना भिडल्या.

दहाच्या सुमाराला मॅनेजर स्वतः खाली आला. वाफेत त्याचा चष्मा धुरकटला. हातात कार्ड होतं. पाहुण्याच्या बायकोने तो डाग प्रवासातलाच असल्याचं कबूल केलं, असं काहीसं तो पुटपुटला. बाकीच्या इस्त्र्या थांबल्या.

"सॉरी," शेवटी तो म्हणाला आणि त्याने कार्ड पुढे केलं.

मावशींनी इस्त्रीवरचा हात काढला नाही.

"पूर्ण वाक्यात, सर. बाई अर्धवट चालवून घेत नाहीत."