बघून घेतो

त्याला काहीबी सांगा, मान तिरपी करायचा अन् म्हणायचा, "करून बघतो."

आता तुमी आमच्याकडचेच असाल तर तुमाला म्हाईत हाय. आमच्या बीडात चेअरमन 'बघतो' म्हणला की समजायचं, काम गेलं. भावकीतला 'बघतो' म्हणला की काठी हुडकायची. मग हा लांब जपानातून येऊन बघणार काय व्हता?

दुष्काळाचं साल. तेलगावच्या रोडला आमच्या दूध सोसायटीची शेड, मी तिथला राखणदार, अंगठेबहाद्दर. चाऱ्याची नवी रीत शिकवायला आलेला जपानी साहेब शेडमदी प्लास्टिकच्या ट्रेत मका भिजू घालायचा. माती न्हाई, खत न्हाई, बादलीभर पाणी. आठ दिवसांत हिरवंगार गवत.

चेअरमन मला म्हणला, "लक्ष ठेव बे. मातीबिगर उगवतंय म्हंजी काहीतरी भानगड हाय."

मी इतकं लक्ष ठेवलं, की तो टमरेल घेऊन निघाला तरी मी मागं. तो बिचारा थांबायचा अन् म्हणायचा, "काका, तुमी आधी."

एकदा मी भाकर खात व्हतो. ताटाकडं बोट करून तो म्हणला, "ताबेते मिरु." मी म्हणलं, मिरची मागतोय. वाटीभर ठेचा दिला. त्यानं सगळा खाल्ला. डोळ्यातून धारा लागल्या. मग तांब्याभर पाणी पिऊन मला समजावलं, "ताबेते म्हंजी खाऊन. मिरु म्हंजी बघतो. काका, तुमच्या 'खाऊन बघतो'सारखंच."

मला वाटलं, आता ह्यानं आमची बोलीबी चोरली.

माझी एकच म्हैस. बरगड्या मोजून घ्या. चारा न्हाई म्हणून रविवारच्या बाजारात विकायला न्यायचं ठरलं व्हतं, बायको दोन दिस जेवली न्हवती. ते कळल्यावर जपानी साहेब ट्रे घेऊन आला. "म्हशीला घालून बघू?"

"न्हाई," मी म्हणलं. "मेली तर?"

त्यानं दुधाचं माप हातात घेतलं, म्हशीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् हळूच म्हणला, "काका, मी बघून घेतो."

मी तसाच पळत चेअरमनकडं. "मला धमकी दिली, बघून घेतो म्हणला." चेअरमनला निमित्तच पायजे व्हतं. शनिवारी सकाळी साहेबाला परत न्यायला जीप शेडच्या दारात.

सामान भरल्यावर तो माझ्याकडं आला. एक ट्रे माझ्या हातात दिला. "हे म्हशीला. मग दूध बघून घेतो... बरोबर?"

जीपवाला पोट धरून हसला. "आरं साहेबा, घेऊन बघतो म्हण. बघून घेतो म्हंजी डोकं फोडतो."

जपानी साहेब कानापर्यंत लाल झाला. कमरेतून वाकला. कुणापुढं? ज्यानं त्याला हाकललं, त्या माझ्यापुढं. चेअरमन दहा पावलांवर खुर्चीत बसला व्हता. मला नुसतं म्हणायचं व्हतं, "माझं ऐकण्यात चुकलं." मी ट्रे सावरत राह्यलो. जीप गेली.

घरी ट्रे आणला, तरी मनातला संशय जाईना. म्हणून आधी मीच मूठभर खाल्लं अन् मरतोय का बघत ओट्यावर बसलो.

बायको म्हणली, "कावून गवत चघळताय?"

"खाऊन बघतोय."

"मग?"

"गोड हाय."

दुपारपर्यंत मेलो न्हाई, तवा म्हशीला घातलं. तिनं ट्रेबी चाटून काढला. रविवारी बाजाराला गेलो न्हाई.

आजबी उन्हाळ्यात मका भिजू घालतो. पहिली चिमूट माझी, मग म्हशीची. चेअरमन म्हातारा झालाय, अजून त्याच खुर्चीत बसतो. त्या सायबाची चूक न्हवती, एवढं त्याला सांगायचं हाय. बायको दर साली इचारते, कवा सांगताय, अन् मी दर साली म्हणतो,

"बघतो."